आनंद दोन, जमलं पाच

पूर आला तेव्हा मला काहीच झालं नाही. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ ला, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा ५७ म्हणजे काय ते समजून घ्या. आमच्या छापखान्यात छातीभर पाणी होतं. कागदाची रिमं फुगून त्यांचा लगदा झाला, मशीनच्या मोटरीत गाळ बसला. पाणी उतरल्यावर मी चिखल काढला, मोटर रिवाइंडिंगला टाकली आणि काम सुरू केलं. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला. लग्नाला पन्नास माणसांची परवानगी, आणि पन्नास माणसांच्या लग्नाला पत्रिका कोण छापून घेतंय? तेव्हाही तगलो. जुलै २०२१मध्ये नदी पुन्हा आत आली, पण त्या खेपेला कागद आधीच माळ्यावर चढवला होता. लोक म्हणायचे, गडी खमक्या आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग सगळं मार्गी लागलं. कर्जाचे हप्ते वेळेवर जाऊ लागले, मुलगी पुण्यात नोकरीला लागली, पत्रिका कमी झाल्या तरी दिनदर्शिका आणि पावतीपुस्तकांनी ती कसर भरून काढली. आणि अशा त्या बऱ्या दिवसांत, एका हिवाळ्यात, मी ढेपाळलो. त्याला कारण नव्हतं. माझा खरा छळ झाला तो यामुळंच. दुःखाला कारण असलं की माणूस ते चार लोकांत सांगू तरी शकतो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते गणपतीवरून. लग्नपत्रिकेच्या गिऱ्हाइकाला आम्ही नमुन्यांचा अल्बम देतो. वर छापायचा गणपती कोणता, बॉर्डर कोणती, शाई लाल की मरून, ते लोक ठरवतात. मिरजेचं एक कुटुंब आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, “तुम्हीच सांगा हो, तुमचा हात आहे यातला.” वीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतोय आणि बघताक्षणी बोट ठेवतोय. त्या दिवशी दोन गणपतींवर नजर फिरत राहिली आणि मला घाम फुटला. हा निवडला तर? तो निवडला तर? शेवटी आमच्या मशीनवाल्यानं मधे पडून एक ठरवून टाकला. नंतर तो मला म्हणाला, “मालक, जरा विश्रांती घ्या की.”

मग प्रुफं वाचता येईनात. अक्षरं दिसायची, ओळ पुरी व्हायची, पण आत काही उतरायचं नाही. पहाटे साडेतीनला टक्क जाग यायची आणि त्या अंधारात जुने हिशेब सुरू व्हायचे. कुणाला उधारी मागताना काय बोललो, वडिलांना शेवटच्या आजारपणात कोणत्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. एकच प्लेट चढवून रात्रभर तेच पान छापत राहावं, तसं डोकं चालायचं. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकायला अर्धा तास. दात घासायचे म्हणजे डोंगर.

आणि संध्याकाळी मी बरा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार उपकार झाले असते. सकाळी मेल्यासारखा पडलेला माणूस सहा-सातच्या पुढे हळूहळू माणसांत यायचा. रात्री जेवताना एखादा विनोदही करायचा. मग घरातल्यांना वाटायचं, सकाळी याला काय झालं होतं? माझा भाऊ एकदा बोलून गेला, “कामाच्या वेळेला बरोब्बर दुखतंय हां तुझं.” मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मी सोंग करतोय, आळशी झालोय, पन्नाशीला आल्यावर अंगचोरपणा सुचतोय. रात्री झोपताना ठरवायचो की उद्या झटकून उठायचं. आणि उद्याची पहाट पुन्हा साडेतीनलाच.

आपल्याकडे असं काही झालं की माणूस आधी छाती दाखवतो. मीही दाखवली. धडधडायचं, घशाशी गोळा यायचा, पोटात सतत खड्डा. सांगलीकराला मिरज जवळ, आणि मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. ईसीजी झाला, टू-डी इको झाली, पित्तासाठी दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटत सांगितलं, “तुम्हाला काहीही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका.” रिपोर्ट चांगले आल्याचं वाईट वाटणारा मी एकटाच असेन असं वाटलं होतं. आता कळलंय की असे पुष्कळ असतात.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं बायकोनं ठरवलं. ठरवायची ताकद माझ्यात नव्हतीच. तिनं अपॉइंटमेंट घेतली आणि मला रिक्षात बसवलं. मी मनात सगळी तयारी करून गेलो होतो. पूर, कर्ज, वडील, काय काय सांगायचं ते. डॉक्टरांनी विचारली झोप. मग भूक, वजन, घरात कुणाला थायरॉइड आहे का, दारू किती, ब्लडप्रेशरची कोणती गोळी चालू आहे. दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त जड जातं, हेही त्यांनी आपणहून विचारलं. “सकाळी,” म्हटल्यावर मान हलवून लिहून घेतलं. या आजारात बऱ्याच जणांचं असंच असतं म्हणाले, सकाळ जड आणि संध्याकाळ हलकी. इतके महिने मी ज्याला सोंग समजत होतो, ते त्यांच्या कागदावर एक लक्षण म्हणून जाऊन बसलं. उपचारांतला पहिला आराम मला तिथं मिळाला, गोळी सुरू व्हायच्या आधी.

मग एक फॉर्म दिला. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटत नाही का, खिन्न वाटतं का, झोप, थकवा, भूक, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उगाच येरझाऱ्या. मुळीच नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन. बेरीज जास्तीत जास्त २७. माझी १७ झाली. १५ पासून पुढचं मध्यम म्हणून सोडून देण्यासारखं नसतं म्हणाले. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष होतं फॉर्मवर. झेरॉक्सची झेरॉक्स, समास तिरका, ‘ळ’ची गाठ उडालेली, एका ओळीत दोनदा पूर्णविराम. मी ते बोलून दाखवलं. बायकोनं डोळे वटारले. डॉक्टर मात्र हसले आणि म्हणाले, “हे दिसतंय ना तुम्हाला? चांगली गोष्ट आहे.”

नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तिथं मी ‘काही दिवस’वर खूण केली आणि हात थांबला. बायको शेजारी बसली होती. डॉक्टरांनी तिला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि सरळ विचारलं, म्हणजे नक्की काय वाटतं? काही करून घ्यायचं मनात येतं का? काही ठरवलंय का? मी म्हटलं, तसं नाही, झोपलो आणि उठलोच नाही तर बरं, एवढंच येतं. असलं काही मोठ्यानं विचारलं तर उलट डोक्यात भरेल, असं मला वाटायचं. बोलल्यावर हलकं झालं, हा माझा अनुभव. नंतर माझ्या परवानगीनं बायकोला आत घेऊन सांगितलं आणि तिला एक नंबर दिला, १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो नंबर आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, गॅसवाल्याच्या नंबराखाली.

रक्ततपासणी झाली. थायरॉइड ठीक निघालं, बी-१२ कमी. हे दोन्ही बिघडले तरी माणूस असाच मरगळतो, म्हणून आधी ते बघतात. बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली आणि मला उगाच आशा लागली की एवढंच असेल. एवढंच नव्हतं.

गोळीचं नाव एस्सिटालोप्राम. आधी ५ मिलिग्रॅम, मग १०. सोबत झोपेसाठी क्लोनाझेपामची बारीक गोळी, ती थोड्याच दिवसांसाठी, कारण तिची सवय लागते. हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मी समजत होतो की गोळी घेतली की तासाभरात काहीतरी होईल, डोकेदुखीच्या गोळीसारखं. झालं ते उलटंच. पहिल्या आठवड्यात मळमळ, जांभया, पोट बिघडलेलं आणि जीव आणखी कासावीस. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून, हा कुठला न्याय? मी फोन करून विचारलं, बंद करू का? नाही म्हणाले, जेवणानंतर घ्या, उतरेल. उतरलं.

पुढच्या भेटीत मी विचारलं की हे मेंदूत करतं काय. मला वाटलं होतं, सेरोटोनिन कमी पडलंय, गोळीनं भरून निघेल, असं सरळ उत्तर येईल. डॉक्टरांनी ते दिलं नाही. गोळी सेरोटोनिनवर काम करते हे खरं, पण ते काम काही तासांतच सुरू होतं आणि मन उचलायला आठवडे लागतात, म्हणजे मधे आणखी बरंच काही घडत असणार. ‘केमिकल कमी पडलं’ एवढ्यावर हा आजार समजावता येत नाही. मला हे उत्तर तेव्हा आवडलं नाही. पैसे देऊन गेलेल्या माणसाला ठाम काहीतरी हवं असतं.

गोळीचा एक परिणाम नवरा-बायकोतला आहे. पाकिटातल्या चिठ्ठीत तो छापलेला असतो, बारीक टायपात. सांगायला जीभ उचलेना. शेवटी मीच रेटून सांगितलं, तर डॉक्टर शांतपणे म्हणाले की बरेच पुरुष याच कारणानं न सांगता गोळी सोडतात आणि मग चक्कर, झटके लागल्यासारखं डोकं, चिडचिड घेऊन परत येतात. ही गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवत आणायची. यातून वाट काढता येते म्हणाले. पण त्यासाठी आधी सांगावं लागतं.

आता समुपदेशक मॅडम. माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. मी गेलो तेव्हा मनात म्हटलं, ही पोरगी मला काय सांगणार? त्यांनी काही सांगितलंच नाही. एक तक्ता दिला. उभे रकाने वारांचे, आडवे तासांचे. प्रत्येक चौकोनात काय केलं ते लिहायचं आणि पुढं दोन आकडे, शून्य ते दहा. एक ‘आनंद’, दुसरा ‘जमलं’. मी म्हटलं, मॅडम, मी दिवसभर काहीच करत नाही. त्या म्हणाल्या, “मग ते लिहा. पडून होतो, आनंद किती, जमलं किती.”

पहिल्या आठवड्याचा तक्ता म्हणजे शून्यांची रांगोळी होती. त्यांनी तो नीट वाचला आणि एक चौकोन दाखवला. मंगळवारी संध्याकाळी मी आईची औषधं आणायला गेलो होतो. आनंद शून्य, जमलं तीन. “हे तीन कशाचे?” मला सांगता येईना. आणली औषधं, बस. “म्हणजे काहीतरी जमलं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या आठवड्याचं काम दिलं. रोज सकाळी नऊला छापखान्याचं शटर उघडायचं. फक्त उघडायचं. नंतर घरी जाऊन झोपलात तरी चालेल.

इथं मी भांडलो. मला इच्छाच होत नाही, इच्छा झाली की शटर काय, मशीन पण चालवीन. मॅडमचं म्हणणं नेमकं उलटं. या आजारात इच्छा आधी येत नाही. आधी हात-पाय हलवायचे, इच्छा मागून येते, आली तर. न करण्यानं मन आणखी बसतं आणि मन बसल्यामुळं करणं आणखी कमी होतं. हे चक्र कुठूनतरी तोडायचं, तर आपल्या हातात करण्याचं टोक आहे. ही पद्धत पीटर लेविन्सन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात मांडली. मला ती शाळेतल्या शिक्षेसारखी वाटली. वयाच्या पन्नाशीला शटर उघडल्याबद्दल मार्क!

तरी उघडत गेलो. बायको सोबत यायची सुरुवातीला. गंमत अशी की ‘जमलं’चे आकडे आधी हलले. तीन, चार, पाच. ‘आनंद’ मात्र ढिम्म. कित्येक आठवडे माझ्या तक्त्यात आनंद एक, जमलं चार, आनंद दोन, जमलं पाच, असंच चाललं होतं. मी मॅडमना म्हणायचो, हे काय जगणं झालं? नुसतं जमतंय. त्या म्हणायच्या, जमू द्या. मला वाटत होतं की बरं होणं म्हणजे एके दिवशी उठल्यावर प्रसन्न वाटेल. तसा दिवस आला नाही. आधी नुसतं करता यायला लागलं, रुक्षपणे, हमालासारखं. हे कुणी सांगत नाही आणि म्हणूनच माणसं मधेच सोडत असावीत. करूनही आनंद होत नाही म्हणजे उपयोग नाही, असा हिशेब करतात. मीही त्या काठावर होतो.

दरम्यान सल्ले चालूच होते. मन रमवा. फिरायला जा. तुम्हाला कशाची कमी आहे? माझा एक जुना कागदवाला व्यापारी, भला माणूस, अंजली जोशींचं ‘मी अल्बर्ट एलिस’ घेऊन आला. एलिस म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५च्या सुमारास सुरू करणारा मानसशास्त्रज्ञ, मराठीत कि. मो. फडक्यांनी तो घरोघरी पोचवला. पुस्तक चांगलंच असणार, पण ज्याला पत्रिकेचं चार ओळींचं प्रूफ वाचता येत नाही त्याला जाडजूड कादंबरी देऊ नये. उशाशी पडून ते मला रोज सकाळी टोमणा मारायचं. आजारी माणसाला पुस्तक देण्यापेक्षा त्याचं लाइटबिल भरून यावं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. आता वाचतोय, रोज थोडी पानं. तेव्हा नको होतं.

मशीनवाल्याचं मत वेगळं होतं. “मालक, वाडीला जाऊन या एकदा.” म्हणजे नरसोबाच्या वाडीला. आईचंही तेच चाललं होतं. मी मॅडमना भीत भीत विचारलं. वाटलं, शिकलेली बाई, अंधश्रद्धा म्हणेल. त्या म्हणाल्या, “गोळी चालू ठेवून जा. आणि तक्त्यात लिहा.” गेलो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पायऱ्यांवर बसलो, दर्शन घेतलं, आईला धरून चढवलं-उतरवलं. निघताना वाडीची बासुंदी घेतली, जी मी लहानपणापासून वाटी चाटून खात आलोय. काही चव लागली नाही. गोड आहे एवढं कळलं. लिहिलं: दर्शन, आनंद तीन, जमलं सात. बासुंदी, आनंद शून्य. दत्तगुरूंना मी मार्क दिले म्हणून आई दोन दिवस बोलली नाही.

‘आनंद’च्या रकान्यात पहिला मोठा आकडा आला तो एका प्रुफावर. इस्लामपूरकडची पत्रिका होती, मोठं खटलं. खाली ‘किलबिल’मध्ये लहान मुलांची नावं असतात, तिथं सतरा-अठरा पोरं. वाचता वाचता दिसलं की एकाच पोराचं नाव दोनदा आलंय, एकदा पाळण्यातल्या नावानं आणि एकदा घरातल्या. गिऱ्हाइकाला फोन केला. पलीकडून आजोबा म्हणाले, “असू द्या, तो दोघांएवढाच दंगा करतोय.” मी हसलो. आवाज करून. मशीनवाल्यानं मशीन थांबवून बघितलं, काय झालं म्हणून. त्या चौकोनात मी सहा लिहिले. मग वाटलं की जास्त झाले, खोडून पाच केले. मॅडमनी खोडलेला सहाच धरला.

आजाराचं कारण अजून सापडलेलं नाही. मी एकदा डॉक्टरांना खोदून विचारलं, पूर असताना नाही झालं ते आता का? त्यांनी सांगितलं की काही माणसं ताण असेतो उभी राहतात आणि तो सरल्यावर बसतात. तुमचं तसं असू शकेल, पण शिक्का मारून सांगणार नाही. आणि कारण सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. मला हे पटलंय असं नाही. माझ्या भावाला तर अजिबात पटलेलं नाही. त्याच्या मते मी दुसरा पूर आल्यावर जागा विकायला हवी होती, हेच कारण.

सध्या भांडण आहे ते गोळीवरून. पहाटेची जाग बंद झाली, गणपती पुन्हा बघताक्षणी निवडतोय, नुकताच फॉर्म भरला तर बेरीज ६ आली. मग गोळी कशाला? तर म्हणे, बरं वाटायला लागल्यापासून पुढं सहा ते नऊ महिने चालू ठेवायची, लवकर सोडली तर आजार उलटतो. त्या हिशेबानं लग्नसराई सगळी गोळीतच जाणार. माझं म्हणणं, विम्यातून तरी पैसे मिळावेत. एजंटाला विचारलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यामुळं विम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं लागतं, पण माझी पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावर पैसे देणारी, ओपीडीच्या गोळ्यांचा खर्च आपलाच. बायको म्हणाली, फुटक्या प्लेटांवर जातात तेवढे पण नाहीत, गप घ्या.

पुढच्या भेटीला विचारायचे प्रश्न मी एका कोऱ्या पावतीच्या मागं लिहून ठेवलेत. गोळी रात्रीऐवजी सकाळी घेतली तर चालेल का? दुपारी येणारी जांभई गोळीची की वयाची? तक्ता आता रोज न भरता आठवड्यातून दोनदा भरला तर? चौथा प्रश्न बायकोच्या अक्षरात आहे. तो तिनं दुमडून पिन मारून ठेवलाय आणि म्हणाली आहे की डॉक्टरांसमोरच उघडायचा.